फॉली सिंक्रोनाइज्ड: काही महिने रोज वापरल्यानंतर

मल्टिथ्रेडेड (एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे कामाच्या समांतर धारा चालवणाऱ्या) सर्व्हरच्या कोडमध्ये गेले काही महिने फेसबुकच्या फॉली या सी++ लायब्ररीतलं ‘सिंक्रोनाइज्ड’ वापरतोय. लायब्ररी २०१२ साली ओपन सोर्स झाली, म्हणजे नवी नाही.

लॉक (थ्रेडनी एकमेकांचा डेटा बिघडवू नये म्हणून लावायचं कुलूप) आपोआप सुटतं एवढ्यासाठी हे घेऊ नका. ते काम ‘लॉक गार्ड’ सी++११ पासून चोख करतोय. खरा फायदा असा, की इथे डेटा आणि त्याचा म्युटेक्स (ज्यावर लॉक घेतात तो ऑब्जेक्ट) एकत्र बांधलेले असतात. पूर्वी क्लासमध्ये एक मॅप, शेजारी म्युटेक्स आणि वर कॉमेंट असायची: हात लावण्याआधी लॉक घ्या. कंपायलरला त्या कॉमेंटशी देणंघेणं नसतं. आता मॅपपर्यंत जायचं तर आरलॉक() (वाचण्यासाठी) किंवा डब्ल्यूलॉक() (लिहिण्यासाठी) जो पॉइंटर देतात त्यातूनच, आणि तो पॉइंटर जिवंत आहे तोवरच लॉक आपल्या हातात. शिवाय आरलॉकमधून डेटा कॉन्स्ट, म्हणजे बदलता न येणारा, मिळतो. वाचण्यापुरतं लॉक घेऊन कोणी इन्सर्ट करू गेलं तर कोड कंपाइलच होत नाही. टीममध्ये नवी मंडळी आली की कोड रिव्ह्यूत याचं मोल कळतं.

जपायचं ते बाणाच्या चिन्हाला (->), कारण त्यासोबत घेतलेलं लॉक त्या ओळीपुरतंच असतं. एका ओळीत ‘रांग रिकामी आहे का’ विचारलं आणि पुढच्या ओळीत पॉप केलं (घटक काढला), तर प्रत्येक ओळ आपलं वेगळं लॉक घेते. मधल्या फटीत दुसरा थ्रेड रांग रिकामी करून जातो. त्याउलट, एकाच ओळीत डब्ल्यूलॉकवर पुशबॅक करताना (शेवटी घटक जोडताना) आर्ग्युमेंटमध्ये त्याच ऑब्जेक्टचं आरलॉक घेऊन साइझ विचारली, तर प्रोग्राम तिथेच अडकतो. पहिलं लॉक सेमीकोलनपर्यंत सुटत नाही आणि डीफॉल्ट ‘शेअर्डम्युटेक्स’ रिकर्सिव्ह नाही, म्हणजे लॉक हातात असताना त्याच थ्रेडला ते पुन्हा घेता येत नाही. रेंज-फॉरमध्येही (सगळ्या घटकांवरून फिरणाऱ्या लूपमध्ये) असाच सापळा आहे. सी++२३ च्या आधी लूपच्या डोक्यात आरलॉक लिहून त्याला स्टार लावला, की लूप सुरू होण्याआधीच लॉक सुटलेलं असतं. कोड दिसायला मात्र अगदी निर्दोष.

म्हणून माझा आग्रह: दोन क्रिया एकमेकींवर अवलंबून असतील तर विथडब्ल्यूलॉक वापरा आणि सगळं काम एका लॅम्डात (जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनमध्ये) ठेवा. लॉक कुठून कुठपर्यंत आहे ते डोळ्यांना दिसतं. दोन ऑब्जेक्ट एकदम लागत असतील तर ‘अ‍ॅक्वायरलॉक्ड’ आहे. लॉकच्या क्रमावरून होणारा डेडलॉक (थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकणं) तो टाळतो.

एक उणीव मात्र राहतेच. लॅम्डातून आतल्या डेटाचा रेफरन्स बाहेर नेला तर सी++ अडवत नाही. रस्ट भाषेच्या म्युटेक्समध्ये बॉरो चेकर (रेफरन्स कुठवर वैध आहे ते तपासणारा कंपायलरचा भाग) ते कंपाइललाच पकडतो. इथे थ्रेड सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना थ्रेडचे घोळ शोधणारं साधन) लावून टेस्ट चालवाव्या लागतात, आणि त्यालाही प्रत्यक्ष घडलेलाच घोळ सापडतो.

फॉलीसोबत बूस्ट, ग्लॉग, एफएमटी अशा इतर लायब्ररींचा बराच लवाजमा येतो. छोट्या प्रोजेक्टमध्ये बूस्ट आधीच असेल, तर त्यातलं ‘सिंक्रोनाइज्ड व्हॅल्यू’ आधी वापरून बघा. कल्पना तीच आहे.