हीटरचा पाइप गळतोय: बदलायचा की बायपास?

मुंबईत गाडीचा हीटर लावतो कोण? म्हणूनच पाइप गळला की मेकॅनिक म्हणतो, "बायपास मारून देतो, साहेब." म्हणजे इंजिनातून हीटरकडे कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) नेणारा आणि परत आणणारा, असे दोन्ही मार्ग हीटर वगळून एका तुकड्याने जोडायचे. काम अर्ध्या तासाचं, खर्चही किरकोळ.

माझ्या गाडीचा पाइप क्लिपपाशी चिरला होता. कडेला कूलंट सुकून हिरवट पांढरी खपली धरली होती. मी नवा पाइप आणि नव्या क्लिपा टाकल्या. कारण पावसाळा! सायनच्या ट्रॅफिकमध्ये काच आतून धुरकटली की एसीबरोबर थोडी गरम हवा सोडली तर ती पटकन साफ होते. शिवाय एक पाइप चिरला, तर त्याच वयाचा दुसरा किती टिकणार? दोन्ही बदला.

बायपास मला एकाच परिस्थितीत पटतो: डॅशबोर्डमागचा हीटर कोअरच (गरम कूलंटने हवा तापवणारा भाग) फुटलाय, पायाखालचं मॅट चिकट ओलं झालंय आणि आत गोडसर वास येतोय. तिथे डॅशबोर्ड उतरवायची मजुरीच भारी पडते.

काहीही करा, इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि नंतर नळाचं पाणी नको, कूलंटच भरा.