पॅनेलच्या रेषा: तैलरंग की पोस्टर कलर?

प्लास्टिकच्या मॉडेल विमानाचा रंग झाला, डेकल म्हणजे चिकटवायची चिन्हं बसली, ग्लॉस वार्निश सुकलं. आता पॅनेलच्या रेषा, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक खाचा, उठवायच्या, आणि त्यात उतरवायचा पातळ रंग, म्हणजे वॉश, तैलरंगाचा की पोस्टर कलरचा इथे गाडी अडते. मी दोन्ही करून पाहिलेत, बहुतेक १/७२ च्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या विमानांवर.

चाल तैलरंगाचीच देखणी, हे आधी कबूल करतो. टर्पेंटाइनमध्ये कोऱ्या चहाइतका पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, ब्रशच्या टोकाने रेषेला नुसता टेकवायचा. पुढे तो आपणहून धावतो. पाण्याला ते जमत नाही, ग्लॉसवर ते थेंब धरून बसतं. म्हणून पोस्टर कलरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालायचा आणि रेषा शोधत न बसता पंखभर चिखल फासायचा. दिसायला भयंकर. सुकला की ओलसर कापडाने नाकाकडून शेपटीकडे पुसायचा. रेषेतला राहतो, बाकीचा निघतो.

पण आमचं घर दादरला, वन रूम किचन, आणि मला सवड मिळाली ती ऐन जुलैत. खिडकी उघडावी तर झड आत, लावावी तर टर्पेंटाइन आत. फ्रिजवर मिग-२१ सुकत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी आईने भाताचं भांडं माझ्या नाकाशी धरलं. "खा आता तूच." फोडणीचा भात करून पाहिला, तरी वास गेला नाही. तैलरंग सुकायला वेळ घेतो, पावसाळ्यात तर विचारू नका. तीन दिवस विमानाला हात लावता येईना.

त्यात खालचा चंदेरी रंग एनॅमल, तोही टर्पेंटाइनने सुटणारा. पंखाच्या मुळाशी वार्निश पातळ बसलं होतं, तिथे पुसताना चंदेरीही कापसावर आला. पोस्टर कलर बिघडला तर सरळ नळाखाली धरता येतो. मी एका पंखावर चारदा केलाय. एवढंच, की शेवटी मॅट वार्निशचा हात हवाच, नाहीतर घामट बोटाला रेषा येतात. हाताला घाम न येणारा मुंबईकर मी तरी पाहिलेला नाही.

कोणताही घ्या, काळा मात्र नको. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातलं मारुत हे जुनं भारतीय लढाऊ विमान पंधरा मीटरवरून बघा, म्हणजे १/७२ चं मॉडेल साधारण वीस सेंटिमीटरवरून बघितल्यासारखं. सांधे जेमतेम जाणवतात. करड्या विमानावर गडद करडा पुरतो.

तुमच्याकडे गच्ची किंवा हवेशीर गॅलरी असेल तर कदाचित तुमचा निकाल वेगळा लागेल. माझ्याही ट्यूब अजून डब्यात आहेत. पोटाखालचे तेलाचे ओघळ तैलरंगानेच नीट जमतात. त्याला दिवाळीनंतरची कोरडी हवा लागते, आणि आई गावाला गेलेली असावी लागते.