इलस्ट्रेटरचा पॅटर्न ब्रश, चपलेच्या वेणीला लई भारी

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतल्या एका दुकानाच्या पोस्टरला वेणीची बॉर्डर पाहिजे होती. इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच पीळ पेन टूलनं काढला, उचलून ब्रशेस पॅनलमध्ये टाकला, पॅटर्न ब्रश (एकच तुकडा रेघेवर परत परत लावणारा ब्रश) निवडला की झालं, मग रेघ कशीबी वळवा वेणी मागनं गप पळत येतीय, नाद खुळा! पीळ काळा ठेवा आणि ब्रशच्या कलरायझेशन सेटिंगला टिंट्स करा, म्हणजे स्ट्रोकचा (रेघेचा) रंग बदलला की वेणीचापण बदलतो. कोपऱ्याला ऑटो टाईल (सॉफ्टवेअरनं आपोआप बनवलेला तुकडा) मिळते खरी, पण टोकदार कोपऱ्यात फेंगडी दिसते, तिथं आपला कोपरा आपणच काढून स्वॉचेसमध्ये (रंग-नमुन्यांच्या पॅनलमध्ये) टाकलेला बरा. ग्रेडियंट नि मेश (रंगात रंग मिसळत जाणारं काम) हा ब्रश घेतच नाही, सपाट रंगातच काढा. इलस्ट्रेटरचं भाडं जड वाटत असलं तर इंकस्केप हे तसलंच सॉफ्टवेअर फुकट आहे भावा, त्यातलं पॅटर्न अलाँग पाथ बघ.