टोकियोत वर कुठे चढायचं: टोकियो टॉवर की स्कायट्री?

नाशिकहून जपानला निघालेल्या मंडळींच्या टूरमध्ये एखादी संध्याकाळ मोकळी मिळते आणि ‘कुठल्या टॉवरवर जायचं’ यावर घरात दोन तट पडतात. माझं मत आधीच सांगते: आईवडील बरोबर असतील तर टोकियो टॉवर. मुलांनी हट्टच धरला असेल, तर स्कायट्री.

उंचीचा निकाल सरळ आहे. स्कायट्री ६३४ मीटर, २०१२ साली खुली झाली. टोकियो टॉवर ३३३ मीटर, १९५८ चा. शहरात उंच इमारती वाढत गेल्या, जुन्या टॉवरचे सिग्नल अडू लागले, म्हणून नवा बांधला. २०१३ मध्ये टीव्हीचं मुख्य प्रक्षेपणही तिकडे गेलं. पण आपण काही अँटेना बघायला जात नाही. टोकियो टॉवरवर माणसांना उभं राहायला मिळतं ते १५० आणि २५० मीटरवर, स्कायट्रीवर ३५० आणि ४५० मीटरवर. खरी तुलना इथे आहे.

पांडवलेणीवरून हायवेचा ट्रक कुठे वळला ते कळतं, ब्रह्मगिरीवरून नुसता मुलूख दिसतो. तसंच इथे. टोकियो टॉवरच्या खालच्या मजल्यावरून शेजारच्या झोजोजी देवळाचं छप्पर आणि सिग्नलला थांबलेल्या गाड्या ओळखू येतात. पायाखाली काचेचे तुकडे बसवलेत. त्यावर पाय ठेवायला मोठी माणसंच जास्त घाबरतात! स्कायट्रीवरून सुमिदा नदीचं वळण सुरेख दिसतं, पण जरा वेळाने सगळ्या इमारती एकसारख्या वाटायला लागतात. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी फुजी दिसला तर पैसे वसूल. मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल, तर त्याच्या भरवशावर राहू नका.

स्कायट्रीची लिफ्ट साधारण ५० सेकंदांत ३५० मीटरवर नेते. मुलांना तेवढंच लक्षात राहतं. खाली मॉल आहे, मत्स्यालय आहे, त्यामुळे पावसातही वेळ जातो. तिकीट मात्र महाग, आणि जोराचा वारा सुटला की लिफ्ट बंद. आगाऊ काढलं तर थोडं स्वस्त पडतं.

टूरमध्ये असाकुसाचं देऊळ असेल, तर स्कायट्री तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच दिवशी उरकून घ्या. टोकियो टॉवरला अंधार पडायच्या जरा आधी पोचा, म्हणजे उजेडातलं आणि दिव्यांतलं, दोन्ही शहरं एकाच तिकिटात होतात. २५० मीटरवर जायचं असेल, तर वेळ आधीच बुक करा.