आंब्याच्या भुरीसाठी ८० टक्के दाणेदार गंधक: कुठे चालते, कुठे नाही

मोहोरावरची भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखा दिसणारा बुरशीचा रोग, रोखायला पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक आजही भरवशाचे आहे. मात्र ते वेळेवर पडायला हवे. गंधक झाडाच्या आत शिरत नाही, त्यामुळे बुरशीचे बीजाणू रुजण्याआधीच मोहोरावर त्याचा थर हवा. देठ पांढऱ्या पिठाने माखल्यावर फवारले तर पुढचा फैलाव आटोक्यात येतो, पण सुकलेली फुले आणि गळालेली बारीक फळे गेली ती गेलीच. पहिली फवारणी मोहोर ८ ते १० सेंटिमीटरचा असताना, फुले उमलण्याआधी करावी. पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहू नये. करपा या बुरशीच्या दुसऱ्या रोगाला ओलावा लागतो. भुरीला थंड रात्री, उबदार दिवस आणि थोडी दमट हवा एवढेही पुरते.

भुकटीपेक्षा दाणेदार गंधक (डब्ल्यूडीजी, म्हणजे पाण्यात पसरणारे दाणे) घ्यावे. मोजताना धूळ उडत नाही, डोळे चुरचुरत नाहीत आणि पाण्यात गुठळ्या कमी होतात. भुकटी आधी बादलीत कालवून, गाळून घ्यावी लागते. तो कंटाळा केला की नोझल तुंबलेच.

प्रमाण १० लिटरला २० ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला ४०० ग्रॅम. टाकी अर्धी भरा, ढवळत दाणे सोडा, मग उरलेले पाणी घाला. गंधक विरघळत नाही, कणरूपातच तरंगत राहते. ढवळणे थांबले की ते तळाशी बसते: काही झाडांना नुसते पाणी जाते आणि शेवटच्या झाडांवर दाट द्रावण पडून मोहोर भाजतो. मोहोर आतल्या देठांपर्यंत भिजला पाहिजे. बाहेरून शिंतोडे उडवून काही साधत नाही.

उष्णता ही याची सर्वांत मोठी अडचण. पारा ३५ अंशांच्या आसपास असताना फवारले तर कोवळी पालवी आणि फुले करपतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच पंप काढावा. तेलयुक्त फवारणी आणि गंधक यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर हवे. फुलोरा ऐन भरात असताना फवारणी टाळावी, परागीभवन करणाऱ्या माश्या-मधमाश्या तेव्हाच मोहोरावर असतात.

गंधक बुरशीवर एकाच ठिकाणी घाव घालत नाही, म्हणून बुरशी त्याला सहजासहजी सरावत नाही. हा गुण आम्हाला फार मोलाचा वाटतो. पंधरा दिवसांनी भुरी दिसतच असेल तर दुसरी फवारणी ५ टक्के हेक्झाकोनॅझोल या आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणाऱ्या, औषधाची, १० लिटरला ५ मिलि, अशी पाळी ठेवावी. नुसते आंतरप्रवाही औषध पुन्हा पुन्हा मारले की त्याची धार बोथट होते.

करप्यासाठी मात्र गंधक घेऊ नये. पालवीवर काळपट डाग असतील तर कॉपर ऑक्सिक्लोराइड, १० लिटरला ३० ग्रॅम, हेच योग्य.