ब्रेक जाम होतोय? पार्ट बदलण्याआधी ब्लीडर उघडायला लावा

ब्रेक जाम होतो म्हणून गाडी गॅरेजला नेलीत आणि चाक न उचलताच कोणी ‘कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) गेला’ म्हणालं, तर गाडी तिथे सोडू नका. गोव्यातल्या फोंड्याच्या एका गॅरेजने याच वाक्यावर माझ्याकडून 23,600 रुपये उकळले.

माझी गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, साखळी-फोंडा रोजची ये-जा. थोडं अंतर गेलं की पुढचं डावं चाक धरायचं. गाडी डावीकडे ओढायची, पिकअप मरायचा, उतरून बघावं तर चाकातून जळका वास. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा मोकळी. बाकीची तिन्ही चाकं थंड असायची. हे मी गॅरेजवाल्याला नीट सांगितलं होतं.

त्याने पुढचे दोन्ही कॅलिपर, पॅड आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला प्रेशर देणारा भाग) नवीन टाकल्याचं बिल केलं. बिल म्हणजे साध्या कागदावर लिहिलेली यादी. जीएसटी नंबर नाही, पार्टचे नंबर नाहीत. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, ‘ते भंगारवाला घेऊन गेला.’ त्याच आठवड्यात चाक पुन्हा धरलं. आता म्हणे एबीएस युनिट (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बदलावं लागेल, पन्नास हजारांच्या आसपास. ‘साहेब, घरची माणसं घेऊन चोर्ला घाट चढता-उतरता, रिस्क कशाला घेता?’ हे त्याचं शब्दशः वाक्य. माणसाच्या जिवाची भीती दाखवून पैसे काढणं मला सगळ्यात नीच वाटतं.

शेवटी डिचोलीच्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने आधी गाडी फिरवून चाक गरम होऊ दिलं, मग जॅकवर घेतली. चाक हाताने हलेना. कॅलिपरच्या ब्लीडरला, म्हणजे तेल आणि हवा सोडायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावली आणि पाना जेमतेम पाव फेरा फिरवला. काळपट ब्रेक ऑइलची चिळकांडी नळीत उडाली आणि चाक लगेच मोकळं फिरलं. म्हणाला, ‘प्रेशर अडकलंय. कॅलिपरचा पिस्टन किंवा तो ज्यांवर सरकतो त्या पिना जाम असत्या तर तेल सोडूनही चाक सुटलं नसतं.’ मग ब्लीडर बंद करून पेडल दाबायला लावलं, चाक पुन्हा धरलं. या वेळी त्याने कॅलिपरला तेल पोचवणाऱ्या रबरी होजच्या (नळीच्या) वरचा स्टीलच्या पाइपचा जोड सैल केला. चाक तसंच घट्ट. म्हणजे अडथळा या दोन जागांच्या मधे, होजमध्येच.

होज काढून त्याने ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर सुटून फुगलं होतं. विहिरीच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारखं काम चाललं होतं: पायाच्या जोराने तेल पुढे जायचं, पाय काढल्यावर परत येत नव्हतं. नवा होज साडेसातशेचा. ब्रेक ऑइल बदलून, हवा काढून, मजुरी धरून दोन हजारांच्या आत काम झालं. (या जोडण्या घरी उघडू नका. हवा आत गेली की पेडल खाली बसतं.)

मास्टर सिलिंडरबद्दल त्याने सांगितलेलं लक्षात ठेवण्यासारखं आहे. अशा गाड्यांत ब्रेकची लाइन तिरकी वाटलेली असते, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एका लाइनवर. मास्टर सिलिंडर प्रेशर धरत असता तर मागचं उजवं चाकही तापलं असतं. एकच चाक तापतंय म्हटल्यावर तो बदलायचं कारणच नव्हतं. आणि तो बदललेलाही नव्हता! नटांवरचा गंज अखंड होता, पाना लागल्याची खूणही नव्हती. ‘नव्या’ कॅलिपरवर चंदेरी रंग मारला होता; नखाने खरवडला तर खाली गंज, आणि पिस्टनचं रबर तडकलेलं.

चीड फक्त पैशाची नाही. चाक असं तापत राहिलं की त्याची उष्णता ब्रेक ऑइलमध्ये उतरते. ताजं डॉट 3 ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. आपल्या दमट हवेत ते पाणी शोषणारच. घाटाच्या उतारावर ऑइल उकळलं तर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. गॅरेजवाल्याने रंग मारून मला त्याच गाडीत बसवलं.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन केला, नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. सोबत कागदी बिल, पैसे दिल्याचा यूपीआय व्यवहार, नट आणि खरवडलेल्या कॅलिपरचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी निदान जोडलं. नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याने अर्धे पैसे देऊन मिटवायला सांगितलं. मी नकार दिला आहे. पूर्ण रक्कम परत हवी आणि न बसवलेल्या पार्टचं बिल केल्याचं त्याच्याकडून लेखी हवं.