गेंडा फळीवर, बैल आडव्या छेदावर

छापचित्रासाठी लाकडाच्या ठोकळ्यावर प्राणी कोरायचा तर लाकूड कुठल्या बाजूने घ्यायचं, हा पहिला प्रश्न.

जर्मन चित्रकार ड्यूररचा १५१५ चा गेंडा फळीवरचा, म्हणजे खोडाच्या लांबीत कापलेल्या लाकडावरचा. रेघेच्या दोन्ही बाजूंनी चाकू फिरवून आजूबाजूचं लाकूड पटाशीने काढायचं. उरते ती काळी रेघ. तंतूंना आडवी जाणारी रेघ फार बारीक ठेवली की तिचे टवके उडतात. गेंड्याच्या चिलखती कातडीला मात्र ठाम रेघच शोभते. (प्राणी त्याने पाहिलाच नव्हता, म्हणून पाठीवर जास्तीचं शिंग!)

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा कोरक थॉमस ब्युइक (१७५३–१८२८) बॉक्सवुड या घट्ट लाकडाचा आडवा छेद घ्यायचा. इथे तंतूंची टोकं वर असतात, म्हणून ब्युरिन (रेघ खोदायचं टोकदार हत्यार) कुठल्याही दिशेला सारखाच चालतो आणि खोदलेली रेघ पांढरी उमटते. लव, पिसं यांना हेच हवं. मागचं दृश्य फिकं हवं तिथे तो ठोकळा आधीच किंचित खरवडून खाली घ्यायचा: दाब कमी, छाप फिकी. अडचण आकाराची. बॉक्सवुडचं खोड बारीक, आणि मोठा ठोकळा तडकण्याची धास्ती. १७८९ च्या त्याच्या ‘चिलिंगहॅम बैल’ या चित्राचा ठोकळा मोजकेच ठसे निघाल्यावर फुटला.

शिकाऊ हाताला फळी बरी. हत्यार घसरलं तरी लाकूड स्वस्तातलं.